सी भरलाय, डी रिकामा आहे

‘धिस पीसी’ उघडावं आणि सी ड्राइव्हची पट्टी लालभडक दिसावी, शेजारी डीची पट्टी मात्र अर्ध्याहून जास्त कोरी. हे पाहून ज्याचा हात काहीतरी इकडून तिकडे हलवायला शिवशिवत नाही असा माणूस विरळा. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ती पट्टी लाल करतं. साताऱ्यातल्या एका डीटीपी सेंटरमध्ये दिवाळी अंकाची प्रुफं वाचत बसलो होतो, तेव्हा या लाल पट्टीवरून मामा-भाचीची चांगलीच जुंपली. मामा सेंटरचे मालक. डीटीपीच्या धंद्यात हयात गेली. मशीन स्वतः जुळवतात, विंडोज स्वतः टाकतात. भाची पुण्यातल्या एका कंपनीतल्या संगणकांची देखभाल बघते, सुट्टीला आली होती. माझा कल भाचीकडे आहे, ते लपवत नाही. पण मामांच्या एक-दोन मुद्द्यांवर तिलाही गप्प बसावं लागलं, म्हणून हा वाद जसा झाला तसा देतो. मधूनमधून माझी लुडबुड आहे.

मामा : हे बघ. सी २२३ जीबीचा, त्यातले ११ उरलेत. डी ९३१ चा, निम्म्याहून जास्त मोकळा. मग सगळी सॉफ्टवेअरं डीमध्ये का नकोत?

(सीची एसएसडी २४० जीबीची आणि डीची जुनी हार्ड डिस्क १ टीबीची, असं डब्यावर छापलेलं असतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या, म्हणून पडद्यावरचा आकडा लहान दिसतो. यावरून दुकानदाराशी हमरीतुमरीवर आलेली माणसं मी पाहिली आहेत.)

भाची : नकोत असं कोण म्हणतंय? कशी नेणार ते सांगा.

मामा : रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतली, ती जागा शोधून ठेवलीय. ‘प्रोग्रॅमफाइल्सडिर’. तिथं ‘सी, प्रोग्रॅम फाइल्स’ लिहिलंय, ते ‘डी, प्रोग्रॅम फाइल्स’ करायचं. रीस्टार्ट मारला की पुढचं सगळं आपोआप डीत.

भाची : मामा, त्या ओळीला हात लावू नका.

मामा : कारण सांग. नुसतं ‘नको’ म्हणून कसं चालेल?

भाची : ती ओळ बदलली म्हणून काही जागचं हलत नाही. ती बाकीच्या प्रोग्रॅमनी वाचायची नोंद आहे. इन्स्टॉलर येतो, विंडोजला विचारतो, ‘इथं प्रोग्रॅम कुठं ठेवतात?’ विंडोज ती ओळ वाचून दाखवतं. आजवर तुम्ही जे टाकलंय ते सीमध्येच राहणार. उद्या त्यातल्या एखाद्याचा अपडेट येईल, तो ही ओळ वाचून डीत जाईल आणि म्हणेल, इथं तर काहीच नाही. विंडोजबरोबर जे आलंय तेही सीमध्येच आहे, त्याचंही तेच. शिवाय ओळ एकटी नाही. ६४ बिटची वेगळी, ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी वेगळी, सामाईक फाइलींची आणखी वेगळी. एक बदललीत आणि दुसरी राहिली की अर्धं बिऱ्हाड इकडे, अर्धं तिकडे. मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय की ही नोंद बदलण्याला आमचा पाठिंबा नाही, बदलली तर आमच्याही काही प्रोग्रॅमना आणि अपडेटना अडचण येऊ शकते.

मामा : बदलायचीच नव्हती तर लिहून कशाला ठेवली?

भाची : कारण ती सगळीकडे सारखी नसते. विंडोज सीवरच असेल असं नाही. आणि पूर्वी जर्मन विंडोजमध्ये त्या फोल्डरचं नावच ‘प्रोग्रामं’ असं काहीतरी जर्मन असायचं, स्पॅनिशमध्ये आणखी वेगळं. इन्स्टॉलरनं स्वतःच्या मनानं ‘सी, प्रोग्रॅम फाइल्स’ गृहीत धरू नये, विचारावं, म्हणून ती नोंद. पण काही इन्स्टॉलर विचारतच नाहीत, पत्ता आधीच आत कोरून आलेले असतात. ते ओळ बदलल्यावरही सीमध्येच जाऊन बसतील.

मामांच्या हट्टाला इतिहास आहे, तो सांगायला हवा. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. ए आणि बी ही फ्लॉपीची अक्षरं. १९८३ च्या एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं. फ्लॉपी कधीच गेली, ए-बी ओस पडले, सी मात्र आहे तिथंच आहे. त्या डॉसच्या दिवसांत प्रोग्रॅम म्हणजे खरोखरच एक डिरेक्टरी असे. ती फ्लॉपीवर कॉपी करायची, दुसऱ्या मशीनवर ओतायची, नाव टाइप करून एंटर मारायचा, झालं काम. वर्डस्टार असाच हातोहात फिरला. विंडोज ९५ नं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर आणला आणि प्रोग्रॅमची नोंद, त्याची सेटिंग्ज, कुठली फाइल कुणी उघडायची, असा सगळा कारभार रजिस्ट्रीत जमा व्हायला लागला. तेव्हापासून फोल्डर उचलला म्हणजे प्रोग्रॅम उचलला, असं राहिलं नाही. मामा ज्या काळात हे शिकले त्या काळी त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि हाताला लागलेली सवय विंडोजची आवृत्ती बदलली म्हणून सुटत नाही.

मामा : बरं, रजिस्ट्री ऱ्हायली. टाकतानाच ‘कस्टम’ निवडतो, ‘ब्राउज’ करून डीतला फोल्डर देतो. हे तर सरळ आहे?

भाची : अगदी सरळ आहे. ज्या इन्स्टॉलरनं विचारलं त्याला खुशाल डी सांगा. फक्त त्यातून काय मिळणार ते आधी ठरवा.

मामा : पहिला फायदा, सीला फॉरमॅट मारला तरी डीतली सॉफ्टवेअरं शाबूत.

भाची : फोल्डर शाबूत. सॉफ्टवेअर नाही. तुम्ही स्वतः किती वेळा विंडोज टाकलंय, नंतर डीत जाऊन जुन्या आयकॉनवर डबल क्लिक केलं तर काय होतं?

मामा : काही चालतात.

भाची : आणि न चालणारे काय म्हणतात?

मामा : ‘व्हीसीरनटाइम १४०’ सापडत नाही. नाहीतर लायसन्स मागतात.

भाची : ती रनटाइमची फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ मध्ये असते, ती फॉरमॅटमध्ये गेली. लायसन्सची नोंद रजिस्ट्रीत, ती गेली. त्यानं लावलेले फाँट ‘विंडोज, फाँट्स’मध्ये, तेही गेले. चालतात ती पोर्टेबल सॉफ्टवेअरं. ती सगळं स्वतःच्या फोल्डरमध्ये घेऊन बसलेली असतात. बाकीची परत टाकावी लागतात. मग ती सीवर टाका नाहीतर डीवर, मेहनत तेवढीच.

मामा : फाँटचं बोललीस ते खरं. माझे सगळे मराठी फाँट डीत एका फोल्डरमध्ये आहेत, तरी दर वेळी परत लावायला लागतातच.

भाची : आणि ते राइट क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हणू नका. विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून तसा लावलेला फाँट एकट्या त्या लॉगिनपुरता लागतो. ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ म्हटलंत तरच दुसऱ्या ऑपरेटरला दिसतो.

मामा : अच्छा! म्हणून पोरगा म्हणत होता फाँट उडाला.

ही गोष्ट मूळ वादाबाहेरची, पण ज्याच्या सेंटरमध्ये दोन पाळ्यांत दोन ऑपरेटर बसतात त्याला ती सॉफ्टवेअरच्या जागेपेक्षा जास्त उपयोगाची आहे, म्हणून गाळली नाही.

मामा : दुसरा फायदा, सीची जागा वाचते. हे तरी मान्य कर.

भाची : वाचते, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. डीवर टाकायचं सॉफ्टवेअरसुद्धा आधी बहुतेक वेळा सीमधल्या ‘टेम्प’मध्ये सुटं होतं. टाकून झाल्यावर दुरुस्तीसाठी आणि काढून टाकण्यासाठी लागणारी फाइल विंडोज स्वतःच्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरमध्ये ठेवतं, तो सीवर. सगळ्या यूझर्सची सामाईक माहिती ‘प्रोग्रॅमडेटा’त, तीही सीवर. तुमची सेटिंग्ज, कॅश, अर्धवट बॅकअप ‘अ‍ॅपडेटा’त, तेही सीवर. चालताना फुगणारा भाग बराचसा हाच असतो.

मामा : म्हणजे डी सांगितला तरी निम्मं सीवरच पडतं.

भाची : कुणाचं निम्मं, कुणाचं पाव. आणि आता इकडे या, दुसरं काहीतरी दाखवते.

तिनं सीमधल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’वर राइट क्लिक केलं, ‘प्रॉपर्टीज’मधला ‘सिक्युरिटी’ टॅब उघडला आणि यादीतल्या ‘यूझर्स’वर बोट ठेवलं.

भाची : वाचा, टिक कुठं कुठं आहेत.

मामा : ‘रीड अँड एक्झिक्यूट’, ‘लिस्ट फोल्डर’, ‘रीड’. ‘मॉडिफाय’समोर काही नाही.

भाची : आता डीतला तुमचा ‘सॉफ्टवेअर’ फोल्डर. इथं ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ बघा.

मामा : ‘मॉडिफाय’ आहे. ‘राइट’ पण आहे.

भाची : डी फॉरमॅट करताना विंडोज हे आपण होऊनच देतं, कारण ती जागा तुमच्या कामाच्या फाइलींची आहे असं ते धरून चालतं. अर्थ असा, की ज्यानं लॉगिन केलंय तो, आणि त्याच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, या फोल्डरमधली एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची चालणारी फाइल, बदलू शकतो. विचारणार कुणी नाही. दिवसभरात तुमच्याकडं गिऱ्हाइकांचे किती पेन ड्राइव्ह लागतात?

मामा : लग्नसराईत मोजायची सोय नसते.

भाची : त्यातल्या एकात काही असलं, तर डीतल्या एक्झीला चिकटायला त्याला अडथळाच नाही. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये तेच करायचं तर अ‍ॅडमिनची परवानगी लागते. स्क्रीन काळवंडते, खिडकी येते, ‘येस’ की ‘नो’.

मामा : आणि मी ‘येस’ दाबतो.

भाची : ते माहितीय मला.

मामा : हसू नकोस. आता माझं ऐक. तू म्हणतेस ते कुलूप आहे, बरोबर? ते कुलूप २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर आलं आणि माझा धंदा अडला. आमचं एक जुनं कंपोझिंगचं सॉफ्टवेअर होतं, ते आपली सेटिंग्ज आपल्याच फोल्डरमध्ये लिहायचं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकलं तर सकाळच्या मुलीनं लावलेलं मार्जिन संध्याकाळच्या पोराला दिसायचं नाही. फाइल बदललीय म्हणावं तर फोल्डरमध्ये जुनीच. डोकं पिकलं. शेवटी काढलं आणि डीत टाकलं. त्या दिवसापासून तक्रार नाही. आता सांग, मी चुकलो?

भाची : नाही. तुम्हाला कारण माहीत नव्हतं, उपाय बरोबर होता. तेव्हा विंडोज काय करत होतं, तर जुना प्रोग्रॅम बंद जागेत लिहायला गेला की त्याला ‘नाही’ न म्हणता ती फाइल गुपचूप त्या-त्या यूझरच्या ‘अ‍ॅपडेटा’त, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवायचं. अजूनही वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपल्याच घरात लिहिलं. म्हणून मुलीचं मार्जिन मुलीपाशी, पोराचं पोरापाशी. तुम्ही डीत टाकलंत, तिथं कुलूप नाही, म्हणून गुंता सुटला.

मामा : मग?

भाची : मग त्या एका सॉफ्टवेअरसाठी डी बरोबर. किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या त्याच्या एकट्या फोल्डरला ‘मॉडिफाय’ देऊन मोकळं व्हायचं. पण म्हणून सगळीच डीत न्यायची, हे नाही पटत.

मामा : अजून संपलं नाही माझं. तुझं ते कुलूप एवढं पवित्र असेल तर ही नवी सॉफ्टवेअरं ते का पाळत नाहीत? पोराच्या लॉगिनमध्ये बघ. व्हीएस कोड त्यानं सरळ डाउनलोड करून टाकलंय. कुठं बसलंय ते? ‘अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्रॅम्स’. अ‍ॅडमिनला विचारलंसुद्धा नाही. तिथं कुलूप आहे?

भाची : नाही.

मामा : तिथली एक्झी बदलायला परवानगी लागते?

भाची : त्याच लॉगिनमधून असेल तर नाही लागत.

मामा : म्हणजे मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं सॉफ्टवेअर बिनकुलपाच्या जागेत टाकलं तर ती सोय, आणि मी डीत टाकलं तर तो धोका.

भाची : हा मुद्दा तुमचा. आमच्या ऑफिसात आम्ही अ‍ॅपलॉकर लावून ‘अ‍ॅपडेटा’तून काही चालूच देत नाही, ते याचसाठी. घरच्या आणि दुकानाच्या मशीनवर तसलं काही नसतं.

इथं मामांनी चहा सांगितला. जिंकल्याचा तो जाहीरनामा होता. मला विचाराल तर हा मुद्दा त्यांना वाटला त्याहून मोठा आहे. प्रोग्रॅमची एक्झी सामान्य यूझरच्या हाताबाहेर ठेवायची, हा नियम मायक्रोसॉफ्टनंच घालून दिला. पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड न मागता सॉफ्टवेअर झटपट टाकता यावं आणि गुपचूप अपडेट व्हावं, या मोहापुढे तो बऱ्याच जणांनी वाकवला, त्यात नियम घालणारेही आले. तरीही एक फरक उरतो. ‘अ‍ॅपडेटा’तलं एका यूझरपुरतं असतं, डीतला फोल्डर मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांना सारखाच उघडा. डीटीपी सेंटरमध्ये हा फरक अगदीच बारीक म्हणता येणार नाही.

मामा : आणि दुसरं. पूर्वी नेक्स्ट, नेक्स्ट करताना एक खिडकी तरी यायची, ‘डेस्टिनेशन फोल्डर’. हल्लीचं ऑफिस टाकून बघ. विचारतं का? थेट सीवर. क्रोमही तसंच. मशीन माझं, डिस्क माझी. जागा कुठली द्यायची ते ठरवणारे हे कोण?

भाची : विचारलं की हजार जण हजार जागा देणार, मग अपडेट बिघडला की त्यांच्याच नावानं बोंब. म्हणून त्यांनी प्रश्नच काढून टाकला.

मामा : त्यांची सोय झाली. माझी?

भाची : सेटिंग्जमध्ये दिलीय की थोडी. ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, त्यात नवं काय कुठं साठवायचं ते विचारतात. विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या अपडेटपासून तिथं अ‍ॅपसाठीही डी देता येतो.

मामा : ते करून बघितलंय. डीत ‘विंडोजअ‍ॅप्स’ नावाचा फोल्डर झाला, तो उघडायला गेलो तर मलाच परवानगी नाही! माझ्या डिस्कवर! आणि त्यात येतं कोण, तर स्टोअरमधली अ‍ॅप. कोरल येत नाही, फोटोशॉप येत नाही. यादीत त्यांच्यासमोर ‘मूव्ह’ मिळतच नाही.

भाची : बरोबर. ती सोय स्टोअरपुरतीच आहे. काळी खिडकी उघडून ‘विंगेट’नं टाकलं तर जागा सांगता येते, पण ती पाळायची की नाही हे शेवटी त्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर ठरवतो.

मामा : दुकानवाला म्हणत होता, जंक्शन कर. फोल्डर डीत हलवायचा आणि सीमध्ये त्याच्या नावाची नुसती पाटी ठेवायची. प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही.

भाची : होतं तसं. विंडोज २००० पासून ती सोय आहे. पण ‘प्रोग्रॅम फाइल्स’ अख्खा तसा हलवू नका. एखादा अपडेट पाटी काढून तिथं खराच फोल्डर करून ठेवतो, मग डीतलं जुनं आणि सीतलं नवं. मोबाइलच्या बॅकअपसारखं अवाढव्य आणि हट्टी काही असेल, जे जागा विचारतच नाही, तिथं ठीक. तेसुद्धा शेवटचा उपाय म्हणून.

मग तिनं विचारलं तो प्रश्न खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा होता. पण पहिल्यांदाच विचारला असता तर मामांनी तो उडवून लावला असता.

भाची : सीमध्ये भरलंय काय, ते बघितलंत का?

मामा : सॉफ्टवेअर. दुसरं काय?

तिनं ‘स्टोरेज’चं पान उघडलं, शिवाय विनडिरस्टॅट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते डिस्कवरची प्रत्येक फाइल तिच्या आकाराएवढ्या रंगीत चौकोनात दाखवतं. पडद्यावर गोधडी अंथरल्यासारखं दिसतं, आणि मोठे तुकडे नजरेत भरतात. दोन्ही ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मिळून ३१ जीबी. डेस्कटॉप ५८. डाउनलोड्स ४६. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो आणि पीडीएफ, ‘अ‍ॅपडेटा’च्या आत खोल कुठंतरी, २२. ‘हायबरफिल’ नावाची एकच फाइल सहाच्या वर.

मामा : डेस्कटॉप ५८?

भाची : पोरं चालू कामं डेस्कटॉपवर ठेवतात. पत्रिका, फ्लेक्स, अंकाची पानं. काम संपलं तरी ती तिथंच. डेस्कटॉप म्हणजे सीवरचाच फोल्डर. सगळी सॉफ्टवेअरं डीत नेली असतीत तरी जेमतेम पंचवीस जीबी वाचलं असतं, आणि त्यासाठी आठवडाभर सगळं काढून परत टाकायचा खटाटोप. दोन महिन्यांत पट्टी पुन्हा लाल.

मामा : मग डेस्कटॉप हलवायचा?

भाची : तो हलवायची अधिकृत सोय आहे. डेस्कटॉपच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’ टॅब, डीमध्ये नवा फोल्डर करून तो द्या, ‘मूव्ह’. डाउनलोड्सचंही तसंच. फक्त फोल्डर करा. नुसता डी देऊ नका. नाहीतर विंडोज अख्ख्या डीलाच ‘डाउनलोड्स’ समजायला लागतं आणि परत फिरवताना नाकी नऊ येतात. फोटोशॉपची ‘स्क्रॅच डिस्क’ त्याच्या प्रेफरन्सेसमधून डीला देता येईल, थोडं हळू होईल पण सी तुंबणार नाही. हायबरनेट वापरत नसाल तर एका कमांडनं बंद होतं आणि ती सहा जीबीची फाइल जाते, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र हातानंच साफ करायला लागेल.

मामा : एवढं सगळं हलवायला चालतं, मग सॉफ्टवेअरनंच काय घोडं मारलंय?

भाची : कामाच्या फाइलीला आपण कुठं आहोत याची फिकीर नसते. पत्रिकेची फाइल डीतून उघडा नाहीतर पेन ड्राइव्हवरून, उघडते. सॉफ्टवेअरचा पत्ता रजिस्ट्रीत पन्नास ठिकाणी लिहिलेला असतो. शिवाय तुमचा डी म्हणजे फिरणारी जुनी हार्ड डिस्क. एका फाइलपाशी पोचायला तिला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. सॉफ्टवेअर उघडतं तेव्हा शेकडो बारक्या फाइली वाचतं. कोरल डीत टाकलंत तर मागल्या वर्षी एसएसडी घेतली कशाला?

मामा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. पुढच्या वाक्यावरून ते दिसलं.

मामा : म्हणजे जन्मभर २२३ मध्येच संसार करायचा.

भाची : असं कुठं म्हटलं? मोठी एसएसडी घ्या. आत्ताची डिस्क तिच्यावर क्लोन करा, जशीच्या तशी. मशीन चालू केलं की नवी डिस्क सी म्हणून उभी राहते. रजिस्ट्रीतले पत्ते तेच, शॉर्टकट तेच, फाँट तिथंच. एकाही सॉफ्टवेअरला कळणार नाही की खालची जागा बदललीय. सी म्हणजे काही डिस्क नव्हे, मामा, ते नाव आहे. नाव तसंच ठेवायचं आणि त्याच्याखाली जागा वाढवायची.

मामा : क्लोन केलं की वाढलेली जागा सीला जोडता येत नाही. शेजारच्या सेंटरवाल्याचं झालंय. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं.

भाची : कारण सीच्या उजवीकडे लगेच रिकव्हरीचं पार्टिशन बसलेलं असतं आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे. डिस्क मॅनेजमेंटला मधली भिंत ओलांडता येत नाही. क्लोन करतानाच ते पार्टिशन शेवटी सरकवायचं. बरीच क्लोनिंग सॉफ्टवेअरं तो पर्याय देतात. आणि क्लोन सुरू करायच्या आधी चालू कामांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. हे विसरायचं नाही.

मामा : आणि जुनी हार्ड डिस्क?

भाची : तिच्यावर कामं, फोटो, संपलेले अंक. पण एकट्या तिच्यावर नाही. फॉरमॅटपासून डी वाचतो, डिस्क मेली तर डीही जातो.

मामा : बरं. पोराचे गेम? एकेक शंभर जीबीचा आहे. ते पण सीवरच ठेवू म्हणतेस?

भाची : ते डीतच टाका. स्टीममध्ये डीवर वेगळी लायब्ररी करता येते, आधी टाकलेला गेमही तिकडे हलवता येतो, त्याची सोय त्यांनीच दिलीय. त्याला मी कुठं नाही म्हणतेय?

मामा : मग सुरुवातीलाच सांगायचंस.

भाची : तुम्ही गेमचं विचारलंतच कुठं? तुम्ही रजिस्ट्री काढलीत.